माझ्या अंगातले दोन इंच

मी एक जुनी मोजपट्टी आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करते, मी खोटी आहे. तुम्ही म्हणाल, मोजपट्टी कशी खोटी असेल? तिच्यावर तर आकडे छापलेले असतात. मित्रांनो, आकडे माझ्यावर आजही आहेत, एकपासून साठपर्यंत. छत्तीस थोडा पुसट झाला आहे, एवढेच. पण आकडे जागेवर असूनही मोजपट्टी खोटी कशी होते, आणि त्या खोटेपणाच्या आड एक सबंध घर कसे निवांत बसून राहते, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दिवसभर मी खिळ्यावर लोंबकळत असते आणि वारा नसतानाही माझे टोक हलत राहते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुती फितीवर पिवळा लेप चढवला, तापलेल्या रुळांमधून मला फिरवले, एका दमात साठ इंच छापले आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या. शेवटी एका बाईने मला लोखंडी पट्टीवर ठेवून पाहिले. पट्टीवरचा साठ आणि माझ्यावरचा साठ समोरासमोर आले. "पास," ती म्हणाली आणि मला गुंडाळून डबीत टाकले. त्यानंतर कितीतरी वर्षे मला कुणी तपासले नाही. मी सगळ्यांना तपासत राहिले.

मला विकत घेतले ते शिवण शिकणाऱ्या एका तरुण मुलीने. पुढे ती या घरची आई झाली, म्हणून मीही तिला आईच म्हणते. तिसऱ्या मजल्यावरचे घर, पुढच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, बाजूला कापायचे टेबल. सकाळी आंघोळ करून, हात जोडून देवाचे दोन शब्द पुटपुटल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, असा तिचा नेम. मग ती मला गळ्यात घालायची ती दिवस मावळेपर्यंत. कपडे घ्यायला आलेल्या बायका आरशासमोर गर्रकन फिरून म्हणायच्या, "कसला बसलाय गं! अंगावर ओतल्यासारखा!" आई नुसती हसायची आणि बोटांनी मला कुरवाळायची. मला वाटायचे, हे कौतुक अर्धे माझे आहे.

मग या घरात एक मुलगी जन्माला आली. वेळेच्या आधी आली, आणि इतकी लहान की तिचा दंड माझ्या अडीच इंचांतही भरेना. आजोबांनी तिच्या हाताकडे पाहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "ही तर काडी आहे, काडी!" तेच नाव पडले. आई दर रविवारी तिचा दंड मोजायची. मोजताना ती मला दोनदा सोडून पुन्हा लावायची. एके रविवारी ती ओरडली, "पाव इंच! अहो, पाव इंच वाढला!" बाबा धावत आले, आजोबांनी देवाला हात जोडले, आणि घरात काहीतरी गोड आले.

तेव्हा त्या घराचे काही चुकत नव्हते, मित्रांनो. त्या पोरीला खरोखरच प्रत्येक घासाची गरज होती. पुढे ती बाळसे धरू लागली, रांगली, चालली, शाळेत गेली. तिच्याविषयीची भीती केव्हाच सरायला हवी होती. ती सरलीही असेल, पण भीतीपोटी लागलेली सवय तशीच राहिली. तिने पुन्हा वाढून मागितले की तिघांच्याही जिवाला बरे वाटे.

बाबा एका बेकरीचा टेम्पो चालवायचे. दुकानांतून जो माल परत येई, म्हणजे फुटकी बिस्किटे, दबलेले केक, कालचे पाव, त्यातले काही ते रोज घरी आणत. "टाकून द्यायचं का? अन्न आहे ते," असे म्हणत पिशवी टेबलावर ठेवत. आजोबा टीव्हीसमोर बसत आणि काडीला हाक मारत, "ये गं, एकट्याला गोड लागत नाही." आई मशीनवर. काडी वही घेऊन आली की आई पायाची लय न मोडता म्हणे, "आत्ता टीप चाललीय बाळा, हे घे, दोन बिस्किटं खा, तोवर होतंच माझं." तोवर कधी व्हायचे नाही. गणित राहायचे, बिस्किटे संपायची.

शाळा चालत दहा मिनिटांवर होती. बाबा टेम्पोतून सोडायचे. भाजीवाला खाली आला की आजोबा खिडकीतून दोरीने टोपली सोडायचे आणि भाजी वर ओढायचे. खाली खेळायला जायचे तर तीन जिने परत चढायचे कुणी? म्हणून काडी खिडकीतूनच खेळ बघायची. सगळ्यांनी एकमेकांना अशी जपायची सवय लावून घेतली होती की त्या घरात कुणाला फारसे हलावेच लागत नव्हते.

शेजारीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, "काय हो, काडी कसली, आता वखार झालीय की!"

"आमच्या घराण्याची हाडंच जाड," बाबा पोटावर हात फिरवत म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने काडी हसली. मग ती आत आली आणि कपडे बदलायच्या पडद्यामागे बराच वेळ उभी राहिली. मी तिथेच खुंटीला होते. ती नुसती पडद्याची झालर पिळत राहिली.

आईला लेकीचे हाल कळत नव्हते असे नाही. पण तिच्या हातात सुई होती, म्हणून तिने सुईचा उपाय केला. पुढे चुण्या, पाठीत इलॅस्टिक, आणि शिवणीच्या आत दीड इंच जास्तीचे कापड दुमडलेले. गणवेश घट्ट झाला की ते कापड उसवून बाहेर काढायचे. काडीला कधी कपडा टोचला नाही, कधी काचला नाही. माप घेताना ती मान खाली घालून विचारायची, "किती?"

"थोडंसंच वाढलंय. वाढतं वय आहे," आई म्हणायची. तिला तसेच दिसत होते, कारण मी तिला तसेच दाखवत होते.

आता माझे ऐका. त्या वर्षांत मला काय काय सोसावे लागले! कापडांचे गठ्ठे माझ्यानेच बांधले जात. इस्त्रीखाली मी दोनदा सापडले. खिडकीचे मोडके दार कितीतरी दिवस माझ्यानेच बांधून ठेवले होते. आणि आजोबा व काडी टीव्ही बघता बघता माझी दोन टोके धरून रस्सीखेच खेळत. मला अंगात कुठेतरी सैल सैल वाटायचे, पण नेमके काय झाले ते कळत नव्हते. आईलाही नाही. तिला एवढेच कळे की दुकानातून आणलेले कापड घरी मोजले की कमी भरते. "दोन मीटर सांगून चार-पाच इंच खातो मेला!" ती चिडायची. तिने दोन दुकाने बदलली. तिसरा दुकानदारही चोर निघाला.

काडी दहा वर्षांची असताना शाळेत नाटक ठरले. नाटकाच्या बाईंनी तिला निरोप्याचे काम दिले, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. सभागृहाच्या मागच्या दारातून पळत यायचे, रंगमंचावर चढायचे आणि राजाला लढाईचा लांबलचक निरोप सांगायचा. काम एवढेच, पण सगळे नाटक त्या निरोपावर फिरायचे. त्या दिवशी काडी तीन जिने चढून धापा टाकत आली आणि धापांमधूनच सांगत राहिली, "मला पळायचंय आई! सगळ्यांच्या मधून पळत जायचंय!"

पोशाख बाजारातले म्हातारे शिंपीकाका शिवणार होते. आईने माप घेऊन चिठ्ठी लिहिली. छाती एकतीस, कंबर तीस.

महिन्याभराने पोशाख आले. हूक-बटणे बघायला बाईंनी आईलाही बोलावले. मी तिच्या गळ्यात होते, म्हणून सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. निळा कोट, पुढे पितळी हुकांची रांग. काडीने हात घातले. कोट पुढे मिटेना. मध्ये दोन बोटांची फट राहिली.

"श्वास आत घे बरं," बाई म्हणाल्या.

तिने घेतला. एक हूक लागला. दुसरा लागला. मग तिला श्वास सोडावा लागला, आणि वरचा हूक उडून फरशीवर टिंग करून पडला.

"राजाचा निरोप्या की राजाचं पिंप!" मागून कुणीतरी म्हणाले. सभागृह हसले. या वेळी काडी हसली नाही.

बाईंनी मुलांना दटावले आणि कोट बाजूला ठेवून तिला नुसते पळायला सांगितले. ती मागच्या दारातून पळत आली, पायऱ्या चढली, तोंड उघडले, आणि निरोपाऐवजी नुसती धाप बाहेर आली. बाईंनी तिला थोडा दम घेऊ दिला. मग मायेने म्हणाल्या, "असं करूया का? पळायला दुसरी कुणी घेऊ. तू पडद्यामागून बोल. आवाज तुझाच हवाय मला." काडीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पुढे जोडले, "अजून तीन महिने आहेत. बघू."

आई कोट काखेत मारून थेट शिंपीकाकांच्या दुकानात गेली.

"काका, माप नीट दिलं होतं मी. हाच धंदा करते, आंधळी नाहीये."

काका पेडल थांबवून म्हणाले, "चिठ्ठी आहे माझ्याकडे. कंबर तीस. वर दीड इंच मोकळीक दिलीय. साडेएकतीस भरेल कोट. मोजा हवं तर."

आईने मला गळ्यातून ओढले आणि कोटावर टाकले. "साडेएकोणतीस! घ्या, बघा डोळ्यांनी! पोरीच्या कोटातही कापड खाता?"

काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिले आणि टेबलाखालून लोखंडी पट्टी काढली. माझे टोक तिच्या टोकाला लावले आणि मला सरळ केले. पट्टीवर बत्तीस आले तेव्हा माझ्यावर तीस होते.

मला वाटले, आपण जमिनीत जावे.

"किती वर्षं वापरताय?" काकांनी विचारले.

"लग्नाच्या आधीपासून."

"अहो, टेप सहा महिन्यांनी पट्टीवर ठेवून बघायची असते. मला वडिलांनी कान पिळून शिकवलं होतं."

"पण मग माझे कपडे बसतात कसे? आजवर एक कपडा परत आला नाही माझा!"

"बसणारच. मापता तुम्ही, कापताही तुम्हीच, त्याच टेपनं. एक चूक दुसरीला सांभाळून घेते. बाहेरच्या माणसाच्या हातात गेलं की उघडं पडतं." त्यांनी खणातून नवी टेप काढून तिच्या हातावर ठेवली. "आणि बाई, कोटाचं काय, कोट मी पुन्हा शिवीन. पोरीचं बघा."

कोट तसाच घेऊन आई घरी आली आणि तिने नव्या टेपने काडीची कंबर मोजली. साडेबत्तीस. काडीने स्वतः वाकून आकडा वाचला.

"तू तर तीस म्हणाली होतीस."

"टेप खराब होती गं."

"मग मी केव्हापासून एवढी आहे?"

मग बाबा एकदम मोकळे झाल्यासारखे म्हणाले, "म्हणजे टेपचा घोळ आहे सगळा! फेक ती आधी!" आजोबांनीही मान डोलावली. तिघेही माझ्याकडे बघत होते आणि तिघांच्याही चेहऱ्यावर सुटका होती. मित्रांनो, खापर फोडायला मी बरी होते. माझा दोष मी मानतेच. पण दोन इंच माझे, तर उरलेले साडेतीस कुणाचे?

आईने मला फेकले नाही. खिळ्यावर टांगले. आणि मग तिने एक नवीन चूक केली. ती म्हणाली, "पंधरा दिवसांत हिला त्या कोटात बसवते की नाही बघा."

दुसऱ्या दिवसापासून काडीचे ताट वेगळे झाले. त्यात काकडी, उकडलेली भाजी आणि मूठभर भात. बाकी तिघांची ताटे होती तशीच. बेकरीची पिशवी कपाटावर चढली, पण घरात येत राहिली. "तू तिकडे बघू नकोस," एवढे काडीला सांगितले की झाले. आजोबा वर्तमानपत्र उंच धरून त्यामागे खायचे. वर्तमानपत्राचा आवाज कमी आणि बिस्किटांचा जास्त. आई काडीला रोज कोट घालून बघायची, आणि फट तेवढीच दिसली की तिचे ओठ घट्ट मिटत. काडीचेही. मी भिंतीवरून बघत होते, आणि माझ्या अंगाला नुसता पीळ पडत होता.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यातून आजोबांची हाक आली. एरवी खुर्चीतून न उठणारे आजोबा काडीला भेटायला एक जिना उतरले होते, आणि ती त्यांना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेली सापडली. तोंड पांढरेफटक, कपाळावर घाम. दोघांनी धरून वर आणली. साखरपाणी दिल्यावर तिने सांगितले, ती शाळेचा डबा तीन दिवस कचऱ्यात टाकत होती.

"का गं असं केलंस?" आई ओरडली आणि लगेच रडायला लागली.

"कोट बसायला हवा ना तुला!" काडी म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "बाबा खाली टेम्पोत बसून केक खातात, मी खिडकीतून पाहिलंय. आजोबा पेपरमागे खातात. तू मशीनखाली डबा ठेवतेस. मला सगळं दिसतं. मी एकटीच का वेगळी? मी काय केलंय?"

बाबा नुकतेच दारात आले होते. हातात पिशवी होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. आईने मला पिशवीत घालून नेले, पुरावा म्हणून. डॉक्टरीणबाईंनी काडीला नीट तपासले आणि आईने टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "टेपची चौकशी नंतर करू. काल या मुलीनं काय खाल्लं?" आईने सांगितले. "आणि तुम्ही काय खाल्लंत?" आई मला गुंडाळू लागली. "तुम्ही?" बाबांनी छताकडे पाहिले. आजोबांना अचानक खोकला आला.

"हिला उपाशी ठेवायचं नाही, अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढतं मूल आहे. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी पुष्कळ झालं. पण ती एकटी थांबू शकत नाही. घरात तिघं बसून राहणार आणि एकीला म्हणणार, तू पळ. कशी पळेल?" मग त्या कोटाची हकीकत ऐकून म्हणाल्या, "कोट मोठा करता येतो ना तुम्हाला? मग कोट मोठा करा. मुलीला कोटाएवढी कशाला करताय?"

त्या संध्याकाळी काडीने नवी टेप हातात घेतली आणि म्हणाली, "सगळ्यांनी उभे राहा." तिने बाबांच्या पोटाला वेढा घातला आणि मोठ्याने वाचले, "शेहेचाळीस!"

"काहीतरीच! ही पण सैल असेल, बघ परत!" बाबा म्हणाले. आजोबांनी पोट इतके आत ओढले की त्यांची विजार खाली सरकली. कितीतरी दिवसांनी घरात हसू आले. आईचे माप घेताना काडीने आकडा हळूच, कानात सांगितला. आई हसली नाही. तिने चारही आकडे एका कागदावर लिहिले आणि आरशाच्या कडेला खोवले.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून सगळे सुरळीत झाले. छे! पहिले चार दिवस बाबा रिकाम्या हाताने जिना चढायचे तेव्हा त्यांचा चेहरा चोरासारखा असे. आजोबांना टोपली मिळाली नाही, स्वतः खाली जाऊन भाजी आणावी लागली, आणि ते प्रत्येक मजल्यावर थांबून डॉक्टरीणबाईंच्या नावाने पुटपुटत. सकाळी काडीला चालत शाळेत सोडायचे कामही त्यांच्याकडेच आले. "पोरीच्या निमित्तानं म्हाताऱ्याला राबवताय," असे म्हणायचे आणि वेळेच्या पाच मिनिटे आधी चपला घालून दारात उभे राहायचे.

आईने स्वतःला एक नवा नेम लावून घेतला. मशीनमधली दोऱ्याची बॉबिन रिकामी झाली की उठायचे, एक जिना उतरून चढायचा, मगच नवी भरायची. आणि काडी वही घेऊन आली की सुई कापडातच सोडून आधी वही बघायची. बाकी तिचे नेम कधी मोडले नाहीत. हे दोन मात्र अनेकदा मोडले. मोडले की ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करी.

रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद झाला. चौघांना एकसारखी ताटे. पहिल्या दिवशी नुसता भांड्यांचा आवाज. चौथ्या दिवशी बाबांनी टेम्पोसमोर आलेल्या एका आगाऊ गाढवाची गोष्ट सांगितली आणि भात निवून गेला. एका संध्याकाळी बाबांचा दिवस वाईट गेला आणि ते अख्खा केक घेऊन आले. सगळे त्या खोक्याकडे बघत बसले. शेवटी आईने चार फोडी कापल्या, चौघांनी उघड्यावर बसून खाल्ल्या, आणि उरलेला केक काडी आणि बाबा शेजाऱ्यांना देऊन आले. काडीही काही देवदूत झाली नव्हती. तिने कपाटे धुंडाळली, पाय आपटले, दोनदा जेवण ढकलले. पण आता तिच्यासोबत चिडणारी आणखी तीन माणसे घरात होती.

आणि ती जिन्यात निरोप म्हणू लागली. "महाराज, उत्तरेच्या खिंडीतून शत्रू..." पहिल्या मजल्यावरच धाप लागायची. मी वर भिंतीवर कान लावून बसायचे. महिन्याने शत्रू दुसऱ्या मजल्यावर पोचला. कधी तो परत खालीही जायचा.

कोट आईने स्वतः घेतला. दोन्ही बाजू उसवून त्यात पिवळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या. लपवल्या नाहीत, चांगल्या उठून दिसतील अशा जोडल्या. बाईंनी तालमीत दोनदा वेळ लावून काडीला पळवले आणि अखेर म्हणाल्या, "बरं. पळ तूच."

नाटकाच्या दिवशी दुपारी आईने आरशाजवळचा कागद काढला आणि नव्या टेपने काडीचे माप घेतले. साडेबत्तीस. तिने टेप सोडली, पुन्हा लावली. साडेबत्तीस.

"तेवढंच?" ती खुर्चीत बसली. "तीन महिने, एवढं सगळं करून तेवढंच?"

काडीचा चेहरा उतरला. मला इथून ओरडावेसे वाटत होते, पण मोजपट्टीला कुठला आवाज?

मग आईची नजर खाली गेली. पोशाखाची विजारही तिनेच तीन महिन्यांपूर्वी नव्या टेपने पुन्हा बेतली होती, बरोबर घोट्यापर्यंत. आता घोटा उघडा होता. विजार बोटभर वर आली होती. आई वाकली, जमिनीवर बसली आणि लेकीच्या घोट्याला हात लावला.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "ही उंच झालीय. कंबर तिथेच आहे आणि ही उंच झालीय." दर खेपेला वाढणारा आकडा पहिल्यांदाच जागेवर उभा होता. आई हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि काडी म्हणत होती, "आई, रडतेस काय, विजार मोठी कर, उशीर होतोय!"

ते गेले. मी एकटी खिळ्यावर. ती संध्याकाळ सरता सरेना. ती पळाली असेल का? मध्येच धाप लागली असेल का? कुणी हसले असेल का? माझे टोक भिंतीवर आपटत राहिले.

परत आले तेव्हा चौघेही एकदम बोलत होते. शेवटी काडीनेच सांगितले, "मी पळाले. वर गेले. आणि श्वासच पुरेना. मग मी थांबले, राजाकडे बघत. दोन श्वास घेतले. सगळे इतके शांत झाले ना! मग बोलले. सगळं बोलले. बाई म्हणाल्या, ते थांबणं नाटकात नव्हतं, पण आता ठेवूया."

"शेवटच्या रांगेत ऐकू आलं मला," आजोबा म्हणाले. ते मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते.

मित्रांनो, मी अजूनही खिळ्यावर आहे. माझ्याने आता कुणी माप घेत नाही, आणि तेच योग्य आहे. पण माझे मन थाऱ्यावर नसते. मी एका दिवसात सैल झाले नव्हते, रोज केसभर झाले. घरही तसेच सैल होते, प्रेमाने, लाडाने, आत्ता नको उद्या बघू म्हणत. कुणाला कळतही नाही. म्हणून हात जोडून सांगते. तुमच्या घरी एखादे मूल जड झाले असेल तर त्याला हसू नका, आणि त्याचे एकट्याचे ताट वेगळे करू नका. माप घ्यायचे असेल तर सगळ्या घराचे घ्या. आणि मुलांनो, तुम्हाला कुणी खेळायला जा म्हणाले, तर त्यांचा हात धरा आणि विचारा, तुम्ही येताय ना?

थांबा, खाली आवाज येतो आहे. चौघे फिरून आले वाटते. तिघांची पावले पटपट चढत आहेत, चौथ्याची मागे रेंगाळली आहेत. ते बाबाच असणार. आणि वरच्या पायरीवरून काडी ओरडते आहे, "चला की हो, अजून एकच मजला!"